भाव नको, पत्ता छापा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत लोह-पाषाण अशनीवर, म्हणजे आकाशातून पडणाऱ्या एका जातीच्या दगडावर, आलेला मजकूर वाचला. जवळपास अर्धा दगड आणि अर्धे लोखंड असा अशनी कुणाच्या डोळ्यांदेखत पडणे किती दुर्मीळ, हे त्यात बरोबर सांगितले आहे. माझी तक्रार मथळ्याबद्दल आहे. मथळ्यात अशा दगडाचा ग्रॅमचा भाव छापला आहे, आणि असा दगड सापडलाच तर काय करावे याबद्दल सबंध लेखात एकच ओळ: 'चुंबक लावून खात्री करून घ्यावी.' नेमकी तीच ओळ घातक आहे. पत्र लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

मी प्राध्यापक नाही, संशोधकही नाही. एका महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागात दगडांचे पातळ काप करणारा प्रयोगशाळा साहाय्यक होतो, आता निवृत्त आहे. दगडाची चकती काचपट्टीवर चिकटवायची आणि जाड काचेवर कार्बोरंडमची ओली भुकटी पसरून ती घासत घासत ०.०३ मिलिमीटरवर आणायची, हे माझे काम. तेवढी पातळ झाली की दगडातून उजेड आरपार जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली खनिजे रंगांवरून ओळखता येतात. बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या दगडाचा, काप मी गप्पा मारता मारताही केला असता. लोह-पाषाणाचा नाही.

एका संस्थेकडून मेसोसिडेराइटचा छोटा तुकडा कापून द्यायला आमच्याकडे आला होता. लोह-पाषाण अशनींचे दोन मुख्य प्रकार. एक पलासाइट, ज्यात धातूच्या जाळीत ऑलिव्हिन या खनिजाचे मधाळ-हिरवट स्फटिक बसवलेले असतात. पुस्तकांच्या मुखपृष्ठावर दिसतो तो हा. दुसरा मेसोसिडेराइट, दिसायला अगदीच ओबडधोबड, काळपट दगडात धातूचे कण आणि गाठी वेड्यावाकड्या विखुरलेल्या. हिऱ्याच्या कणांचे पाते दगडातून सरळ जाते. धातूची गाठ आली की आवाज बदलतो, पाते जड होते आणि धातूचा लेप हिऱ्याच्या कणांवर बसून ते बोथट होते. जोर लावावा तर शेजारचा दगड तडकतो. जोर लावू नये तर पाते तिथेच फिरत राहते. पॉलिश करताना उलटी अडचण. दगडाचे कण निखळून खड्डे पडतात आणि धातू उंचवट्यासारखा वर उरतो. त्यात पाणी वापरायची सोय नाही. एरवी पाते थंड ठेवायला आम्ही पाण्याची धार सोडत असू, इथे अल्कोहोल वापरावे लागले. कारण पाणी लागले की गंज आलाच.

हा गंज मी जवळून पाहिला आहे. कापून उरलेला कोपरा कुणीतरी ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या बरणीत ठेवण्याऐवजी साध्या डबीत ठेवून दिला. पावसाळ्याचे दिवस होते. काही आठवड्यांनी डबी उघडली तर धातू आणि दगड जिथे भेटतात नेमक्या त्या रेषेवर पिवळट-तपकिरी थेंब आले होते. दगडाला घाम फुटावा तसे. टिपकागदाने टिपले, दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. मातीतले, हाताच्या घामातले क्लोराइड लोखंडात शिरते आणि हवेतला ओलावा मिळत राहिला की गंज आतल्या आत पुढे सरकतो. वरून पुसून तो थांबत नाही. नुसता दगडी अशनी थोडीफार हयगय सोसून घेतो, पण लोह-पाषाणात धातू आणि दगड यांच्या सांध्यांचे जाळे सगळीकडे असल्यामुळे गंजाला वाटा भरपूर मिळतात. दगड कोट्यवधी वर्षे अवकाशात कोरडा होता, तो सापडणाऱ्याच्या घरी एका पावसाळ्यात भुसभुशीत होऊ शकतो.

आता चुंबकाबद्दल. लोह-पाषाणात लोखंड आणि निकेल असते, त्यामुळे चुंबक चिकटणार यात शंका नाही. पण त्या चाचणीने आपण काय पुसतो ते पाहा. अशनीतल्या धातूत आणि बारीक चुंबकीय कणांत तो ज्या लघुग्रहाचा तुकडा आहे त्याच्या चुंबकीय क्षेत्राची खूण राहून गेलेली असू शकते. २०१२ मध्ये पलासाइटमधल्या ऑलिव्हिनच्या आत अडकलेले सूक्ष्म धातुकण तपासून त्या लघुग्रहाला एके काळी स्वतःचे चुंबकीय क्षेत्र होते, असे शास्त्रज्ञांनी दाखवले. २०१५ मध्ये दुसऱ्या एका गटाने पलासाइटच्या धातूवर क्ष-किरणांनी काम करून त्या लघुग्रहाचा गाभा गोठत गेला तसे ते क्षेत्र कसे मंदावले याचा माग काढला. साडेचार अब्ज वर्षांपूर्वीच्या एका छोट्या जगाचा गाभा विझतानाची नोंद, आणि ती पुसायला साध्या निओडिमियम चुंबकाचा एक हात पुरे. जुन्या स्पीकरमधला चुंबक काढून दगडावर टक् करून चिकटवणाऱ्याला आपण काय केले हे कधीच कळत नाही, कारण दगड दिसायला होता तसाच राहतो. खात्रीच करायची असेल तर होकायंत्र हातभर अंतरावरून हळूहळू जवळ न्यावे. सुई हलली की पुरे.

बरे, हे अशनी किती? जगभरात पडताना पाहिलेले आणि मग हाती लागलेले असे सर्व प्रकारचे मिळून १,२०० हून अधिक अशनी नोंदलेले आहेत. त्यात लोह-पाषाण शंभरात एकाच्या आसपास. पडताना पाहिलेल्या पलासाइटच्या चारच नोंदी माझ्या वहीत आहेत: इटलीतला मिनेओ (१८२६), जपानमधला झाइशो (१८९८), तेव्हाच्या फिनलंडमधला मार्यालाहटी (१९०२) आणि सायबेरियातला ओमोलोन (१९८१). मेसोसिडेराइटही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यातला एक इराणमधला वेरामीन, १८८० चा, आजही तेहरानच्या गोलेस्तान राजवाड्यात आहे. १९३५ साली मात्र एकाच वर्षात दोन पडले, मार्चमध्ये पोलंडमध्ये वोविच आणि जुलैत तेव्हाच्या बंगालमध्ये, म्हणजे आजच्या बांगलादेशात, पाटवार. आपल्या उपखंडाच्या वाट्याला हा मान आला, हे आपल्या लेखात यायला हवे होते.

या दोन प्रकारांतला मेसोसिडेराइट मला जास्त विचित्र वाटतो. पलासाइट समजायला तसा सोपा. लघुग्रहाच्या आतला धातू आणि त्याच्याभोवतीच्या प्रावरणातले (गाभा आणि वरचे कवच यांच्या मधल्या थरातले) ऑलिव्हिन यांचे मिश्रण, ते नेमके कसे झाले यावर वाद असले तरी. मेसोसिडेराइटमध्ये गाभ्यातल्यासारखा धातू आहे आणि पृष्ठभागावरचा बेसॉल्टसारखा दगड आहे, पण मधले प्रावरण जवळपास गायब! तळघर आणि गच्ची एकमेकांत मिसळली आणि मधले मजले कुठे गेले ते सापडत नाही. दोन लघुग्रहांची टक्कर होऊन वितळलेला धातू दुसऱ्याच्या कवचात मिसळला असावा, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. काही जण त्याचे नाते व्हेस्टा या लघुग्रहाशी जोडतात. टकरीनंतर हे मिश्रण इतके हळू थंड झाले की कमी तापमानाच्या टप्प्यात दहा लाख वर्षांना एक अंशाहूनही कमी असा हिशेब धातूच्या स्फटिकांवरून निघतो. अशनींमध्ये इतका सावकाश थंड झालेला दुसरा गट माहीत नाही.

मग जमिनीत सापडलेले मेसोसिडेराइट आहेतच की, पडताना पाहिलेल्याचे एवढे कौतुक कशाला? फरक वेळेचा आहे. अवकाशात असताना दगडावर वैश्विक किरणांचा मारा होतो आणि त्यात किरणोत्सारी अणू तयार होतात. व्हॅनेडियम-४८ चे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू संपायला लागणारा काळ, १६ दिवस. मँगनीज-५४ चे सुमारे १० महिने. सोडियम-२२ चे २.६ वर्षे. अॅल्युमिनियम-२६ चे ७ लाख वर्षांहून थोडे अधिक. दगड पृथ्वीवर उतरला की हवेच्या जाड पांघरुणाखाली हा मारा जवळपास थांबतो आणि ही घड्याळे उतरू लागतात. जमिनीत शेकडो वर्षे पडून असलेल्या तुकड्यात पहिली तीन केव्हाच बंद पडलेली असतात. ताजा तुकडा काही दिवसांत गॅमा-किरण मोजणाऱ्या उपकरणापाशी पोहोचला तर तो केवढ्या आकाराच्या दगडाच्या किती खोलीवरचा भाग होता हे सांगता येते. आपली बातमी छापून आल्यावर गावात भावाची चर्चा महिनाभर रंगली, तर व्हॅनेडियमचे पाऊण काम संपलेले असते.

२८ जानेवारी १९७६ ला गुजरातेत सुरेंद्रनगर जिल्ह्यात ढजाला अशनी पडला, तेव्हा अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने गावागावांतून तुकडे गोळा केले. सुमारे ४५ किलो माल हाती आला. अलीकडचे उदाहरण १७ ऑगस्ट २०२२ चे, बनासकांठ्यातल्या दियोदरचे. एक तुकडा एका घराच्या ओसरीवर पडून फरशी फुटली. त्याचे तुकडे त्याच प्रयोगशाळेपर्यंत पोहोचले आणि तपासणीत तो ऑब्राइट या दुर्मीळ दगडी जातीचा निघाला. त्या जातीचा अशनी आपल्याकडे त्याआधी १८५२ मध्ये आजच्या उत्तर प्रदेशातल्या बस्तीला पडला होता. ओसरीवर फुटलेली फरशी झाडून, तुकडे गोळा करून ठेवणाऱ्या त्या घरातल्या माणसांचे मला मनापासून कौतुक वाटते.

भावाच्या मथळ्याने काय होते याचे उदाहरण लोह-पाषाणाच्याच इतिहासात आहे. १० मे १८७९ ला, भर दिवसा संध्याकाळी पाचच्या सुमारास, अमेरिकेत आयोवा राज्यात एस्टरव्हिल गावाजवळ प्रचंड गडगडाट करत मेसोसिडेराइट कोसळला. सर्वांत मोठा तुकडा ४३७ पौंडांचा, म्हणजे २०० किलोच्या आसपास, चिकणमातीत १४ फूट खोल रुतला. तो बाहेर काढणाऱ्यांना वाटले आपला. जमीन कसणाऱ्याचे पैसे थकले आहेत हे हेरून एका वकिलाने जमिनीचाच हक्क मिळवला आणि दगडावर दावा ठोकला. मधल्या काळात काढणाऱ्यांनी दगड लपवून ठेवला होता. पुढे त्याचे भाग होऊन ते युरोपातल्या संग्रहालयांत गेले. ११ वर्षांनी त्याच राज्यात फॉरेस्ट सिटीला दुसरा अशनी पडला. ज्याने तो उकरून काढला त्याने ६६ पौंडांचा तुकडा १०५ डॉलरला विकून टाकला. जमीनमालक कोर्टात गेला आणि १८९२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की दगड जमिनीचा भाग झाला, तेव्हा तो मालकाचा. तिकडच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही शिकवतात. आपल्याकडे व्यवस्था वेगळी आहे. देशात पडलेल्या अशनींची राखण भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहे आणि त्यांचा मोठा संग्रह कोलकात्याला आहे.

इथे शेतकऱ्याची बाजू घेतल्याशिवाय राहवत नाही. सकाळी वर्तमानपत्रात ग्रॅमचा भाव वाचायचा आणि दुपारी तलाठी आणि पोलीस येऊन दगड उचलून नेणार. हाती कागदाचा चिटोराही नाही. मग पुढचा माणूस दगड धान्याच्या कोठीत ठेवेल नाहीतर काय? वीज पडलेले भांडे तांदूळ खेचते, असे सांगून लोकांना गंडवणाऱ्या टोळ्या आपल्याकडे आहेतच. भावाचा मथळा त्यांच्या पथ्यावर पडतो. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे अशनीला नाव पडलेल्या ठिकाणाचेच मिळते. पूर्वी जवळच्या टपाल कचेरीचे नाव द्यायची रीत होती. गावाचे नाव जगाच्या यादीत कायमचे लागते, ही गोष्ट भावाइतकीच ठळक छापायला हरकत नसावी. त्याच्या जोडीला सरकारने सापडणाऱ्याला पावती, नोंदीत त्याचे नाव आणि गावच्या शाळेला एक छोटा काप दिला, तर लपवाछपवी बरीच कमी होईल असे मला वाटते. काप कसा करायचा ते शिकवायला मी येईन.

बातमी कशी असावी याचा नमुना जहांगीर बादशहाने घालून दिला आहे. १६२१ मध्ये जालंधरजवळ लोखंडी अशनी पडला. बादशहाने आपल्या रोजनिशीत पडल्याची वेळ, गाव, जमीन कशी जळली, दगड किती खोल होता आणि वजन १६० तोळे हे सगळे लिहून ठेवले. पुढे त्याने त्या लोखंडात साधे लोखंड मिसळून दोन तलवारी, एक सुरी आणि एक खंजीर घडवून घेतला, म्हणजे नमुन्याचे वाटोळे केलेच. पण किंमत लिहिलेली नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या नोंदीत ठिकाण आणि वजन आहे, आणि आजच्या बातमीत 'एका शेतात' आणि कोट्यवधींचा आकडा.

आणखी एक गैरसमज. पडलेला दगड लालबुंद नसतो. सेकंदाला निदान ११ किलोमीटर वेगाने आत शिरलेला दगड वरच्या हवेतच आपला वेग हरवतो, मग शेवटचे काही किलोमीटर तो अंधारात, नुसत्या वजनाने खाली येतो. वितळून तयार झालेली काळी साल बहुधा एक मिलिमीटरही जाड नसते. आतला भाग अवकाशातला गारठा धरून असतो. 'आगीचा गोळा शेतात, पिकाला आग' असे छापण्यापूर्वी वार्ताहराने पीक पाहावे.

माझी मागणी छोटी आहे. उल्का दिसल्याची बातमी आली की तिच्या शेजारी एक चौकट छापा. दगड उघड्या हाताने उचलू नका. स्वच्छ अॅल्युमिनियम फॉइलमध्ये किंवा कोऱ्या प्लास्टिक पिशवीत गुंडाळा. धुऊ नका, फोडू नका, हळदकुंकू वाहू नका. उचलण्याआधी शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि जागेचे अक्षांश-रेखांश मोबाइलवरून टिपा. ज्यांच्याकडे सीसीटीव्ही आहे त्यांनी त्या रात्रीचे चित्रण लगेच वेगळे काढून ठेवा, कारण बहुतेक यंत्रे काही दिवसांत जुन्यावर नवे चढवतात. दोन-तीन वेगळ्या गावांतली चित्रणे जुळली तर दगड कोणत्या कक्षेतून आला आणि उरलेले तुकडे कुठे शोधावेत हे काढता येते. मोठे तुकडे लांब, लहान अलीकडे, असा लांबट पट्टा असतो. ज्यांच्याकडे कॅमेरा नाही त्यांनी ज्या जागी उभे होतो तिथेच पुन्हा उभे राहून, उल्का कोणत्या झाडामागे किंवा कोणत्या टाकीवर विझली आणि आवाज किती वेळाने आला, ते लिहून ठेवावे. आणि शेवटी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जवळच्या कार्यालयाचा पत्ता आणि दूरध्वनी. ते आपल्या वार्ताहरांनी खात्री करून घालावेत.

चौकटीचा मजकूर सुबक अक्षरात लिहून सोबत जोडला आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तर खुशाल करा, पण 'चुंबक लावू नका' ही ओळ ठेवा.

आपला नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती)